कनातीबाहेरचा भोंगा

रविवार, ८ जानेवारी १९६१, अकोला. सकाळच्या गाण्याला जाऊन आलो. पत्नी वारल्यानंतर पहिल्यांदाच.

मंडळी, आम्ही दोघे दरवर्षी कनातीबाहेर, कडुनिंबाखाली सतरंजी टाकून भोंग्यावर गाणे ऐकायचो. आज पाहतो तर बाहेरचा भोंगाच काढलेला.

"फुकट आयकू आलं तं आतल्या सोफ्याचं महाग तिकीट कोन घेईन, मास्तर?" मैफलीचे व्यवस्थापक म्हणाले.

कडुनिंबाखाली बसलेली भाजीवाली म्हातारी म्हणाली, "सोफ्यावर बसून कान मोठे होतेत काय रे बाप्पा?"

मी सतरंजी उचलून निघालो. तेवढ्यात गाणाऱ्या बाई टांग्यातून उतरल्या. आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, "बाहेर भोंगा नाही? तो लावा, मग मी गायला बसते."

भोंगा लागला. मी भैरवीपर्यंत बसलो. कित्येक महिन्यांनी हलके वाटले.

तिकीट महाग असावे, कलावंतालाही घर असते. पण त्यासाठी बाहेरच्यांचे ऐकणे बंद करावे का? तुम्हीच सांगा.

घरी येऊन सतरंजी झटकली. तिची घडी आम्ही दोघे दोन टोके धरून घालायचो. आज एक टोक खिडकीच्या गजाला बांधले आणि घडी घातली.