मी खोडायला लावलेल्या चार ओळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पुरतं नाही. तरी नातीचा निबंध मी तपासत होतो, अन् त्यात काय करून ठेवलं ते सांगायला बसलो आहे.

बायको गेल्यावर मुलानं मला अकोल्याजवळच्या वाडीतून अमरावतीला आणलं. तिथं आम्ही दोघं वांगी पिकवून बाजारात विकायचो, इथे मला काम नाही. मुलगा सकाळी जातो, सून शिवणकाम करते. नात तेव्हा दहावीत होती. तिला एका वसतिगृहाच्या कॉलेजात जायचं होतं. तिथं राहणं, शिकणं फुकट, पण आधी परीक्षा. त्यात एक निबंध. चाळीस मिनिटं, एक विषय, अन् आपलं म्हणणं वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. आमची ऐपत पाहता पोरीला सायन्स शिकायची तेवढीच वाट होती.

"आबा, तुमी घड्याळ धरा," ती म्हणाली. "टाइम झाला की पेन हिसकून घ्या. मंग मी वाचून दाखवीन, पटलं का नाई ते सांगा."

"मले काय समजते त्यातलं?"

"जिंदगीभर लोकायच्या गळ्यात वांगे मारले ना तुमी. पटवणं म्हणजे तेच."

रोज दुपारी ती शाळेतून आली की आम्ही बसायचो. मीही मास्तरकी करू लागलो. म्हटलं, चांगला माल वर लावायचा, किडका टोपल्याच्या बुडाशी.

"आजी तर उलटं करे," ती म्हणाली.

खरं आहे. तिची आजी किडकं वांगं गिऱ्हाइकासमोर मोडून दाखवायची. असं एखादं निघते, बाकीचे पाहून घ्या, म्हणायची. टोपलं मात्र तिचंच आधी रिकामं व्हायचं. मी तिला येडी म्हणायचो.

पहिल्या आठ-दहा निबंधांतला एकही मला पटला नाही. मोबाइलचे तोटे, झाडांचे फायदे. मी तोंडावर सांगितलं, "हे तू पुस्तकातून बोलून राहिली. डोळ्यानं पाह्यलेलं लिही."

मग एक दिवस तिच्या मॅडमनी विषय दिला, आजार अंगावर काढू नये. चाळीस मिनिटांच्या आतच तिनं पेन खाली ठेवलं अन् वाचायला लागली. "माझ्या आजीच्या छातीत गाठ आली. तिने ती आजोबांना सांगितली. आजोबा म्हणाले, वांग्याची तोडणी संपू दे, मग जाऊ. तोडणी संपायला अडीच महिने लागले."

मी तिथंच थांबवलं.

तेरवीला आलेल्या सगळ्या सोयऱ्यांना मी सांगितलं होतं की तिनं आजार लपवला. बोललीच नाही, आपण काय करावं? लोक म्हणाले, बाया अशाच असतात. मुलालाही मी तेच सांगितलं. सांगून सांगून मलाही तसंच झालं असावं असं वाटू लागलं होतं.

"हे तुले कोणं सांगतलं?"

"आजीनं. दवाखान्यात."

"घरचं असं गावभर करतेत का?"

"तुमीच तं म्हणलं, पाह्यलेलं लिही."

"खोड ते. आजीनं लपवलं असं लिही. विषयाले तेच लागू पडते."

 मग तिनं पट्टी लावून त्या चार ओळी एकेक करून सरळ खोडल्या. वर नवं लिहिलं अन् पुन्हा वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "हा, आता पटते."

परीक्षेला मीच सोबत गेलो. बाकीची पोरं बडबडत बाहेर आली. ही सगळ्यात शेवटी. ऑटोत बसल्यावर बोलली. विषय आला होता, घरातल्या बाईच्या तब्येतीकडे आधी लक्ष द्यावं.

"आजीनं लपवलं, असं लिहिलं, अन् पुढं हातच चालला नाई. मंग ते खोडलं. खरं लिहाले गेली तं तुमी डोळ्यासमोर आले. तेबी खोडलं. तेवढ्यात घंटा झाली."

ऑटोवाला आरशातून पाहत होता. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

यादीत तिचा नंबर नव्हता. मुलाच्या जिवाला फार लागलं. जेवताना रोज तोच विषय. "घरचं उदाहरण होतं, तयारी झाली होती, अन् पेपर अर्धा कोरा. काहून?" पोरगी खाली मान घालून जेवायची. माझ्याकडे पाहायचीसुद्धा नाही. तीन हप्ते हे चाललं अन् तीन हप्ते मी समोर बसून भाकर खाल्ली.

एका रविवारी दुपारी जेवताना मुलगा तिला म्हणाला, "आजीवर गेली तू. घुमी. तिनंबी असंच मनात ठेवून जीव घालवला."

तेव्हा मी म्हटलं, "तिनं मनात नव्हतं ठेवलं. मले सांगतलं होतं. मीच थांबवलं. अन् पोरीले खोटं लिहाले मीच लावलं."

सून पोळी लाटायची थांबली. मुलगा आईबद्दल विचारेल असं मला वाटलं होतं. त्यानं विचारलं, "मंग ही पोरगी तीन हप्ते माहं बोलणं खाऊन राहिली, तवा तुमी काहून चूप होते?"

  मुलगा आता माझ्याशी कामापुरतं बोलतो.

तशाच दुसऱ्या एका वसतिगृहाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. परवा नात वही घेऊन माझ्यापुढं बसली.

"आबा, आजी तुमाले नेमकं काय म्हणली होती? तिनं मले थोडकंच सांगतलं."

मी सांगू लागलो. सकाळची वेळ, आम्ही दोघं वांगी तोडत होतो. ती पदराखाली हात धरून आली अन् म्हणाली, "पाहा बरं, इथं गोटीवानी लागते. दुखत नाई." मी पाहिलं नाही. मी वांगी कॅरेटमध्ये भरत होतो.

"हळू सांगा," नात म्हणाली. तिनं लिहून घेतलं. "कॅरेट भरत होते, इथवर झालं. पुढं?"

पुढं मी तिच्या आजीला दुसरं कॅरेट आणायला पाठवलं होतं. तेही सांगितलं.