क्लच माझा, गिअर मामंजींचा

आमच्या मामंजींना तक्रार करताना कुणी पाहिलं नव्हतं. हॉटेलात कॉफी गार आली तर ते ती गारच पिऊन टाकायचे. शिंप्याने शर्टाची एक बाही आखूड शिवली, तर तो हात खिशात घालून त्यांनी तो शर्ट विटेपर्यंत वापरला. कुणी विचारलंच तर मान जराशी कलती करून म्हणायचे, "परवाइल्ले." म्हणजे आपलं 'असू दे, चालतंय'. मी पुण्याची. आमच्याकडे भाजीवालीशीसुद्धा मुद्देसूद वाद होतो. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा मला वाटलं, या माणसाला जग रोज गुंडाळत असणार.

सासर तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे मुरलेलं मराठी. 'मामंजी' हा शब्द मी जुन्या नाटकांतच ऐकला होता, इथे तो रोजच्या वापरातला निघाला. "मेधाम्मा, तुजला कॉफी पाहिजे काय?" असं ते सकाळी बखरीतल्या सरदारासारखं विचारत आणि पुढचं वाक्य सरळ तमिळमध्ये बोलत. कॉफी मात्र स्वतः करून आणत. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे त्या 'तुजला'शिवाय सकाळ झाल्यासारखी वाटेना.

त्यांचा जीव होता थोरलीवर. थोरली म्हणजे त्यांची जुनी काळी गाडी. मुलांच्या आधी घरात आली म्हणून थोरली. पुढची सीट बाकासारखी सलग, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला. लग्नानंतर मामंजींनी सासूबाईंना तंजावरहून मद्रासला आणलं ते याच गाडीतून. माझा नवरा श्रीधर श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात. दिवसभर कोऱ्या गाड्या पाहून घरी यायचा आणि म्हणायचा, "अप्पा, विकून टाका हो ही." मामंजी ऐकून घ्यायचे आणि फडकं घेऊन थोरली पुसायला जायचे.

पुढे थोरली अगदीच थकली, तेव्हा त्यांनी तिचं इंजिन संपूर्ण उघडून नव्याने बांधायला दिलं. गिंडीत सेल्वम नावाच्या त्यांच्या जुन्या ओळखीच्या माणसाचं वर्कशॉप होतं. काम झाल्याचा फोन आला तो शुक्रवारी सकाळी, आणि साडेदहाला राहुकाळ लागणार होता. सेल्वम म्हणाला, "सर, एक लांब फेरी मारून बघू, मग न्या." पण फेरी मारून परत येईपर्यंत राहुकाळ लागला असता, आणि नवं इंजिन राहुकाळात ताब्यात घ्यायचं म्हणजे काय! मामंजींनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, तबकात विडा आणि नवी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, घालून सेल्वमला दिली आणि घड्याळाकडे बघत गाडी बाहेर काढली. घरी पोचेपर्यंत मागे निळ्या धुराचा पडदा धरला होता.

त्यानंतर थोरली ऑइल पिऊ लागली. चढावर धापा टाकायची, सिग्नलला बंद पडायची, मागचे स्कूटरवाले नाकाला रुमाल लावून आमच्या कुळाचा उद्धार करायचे. मी म्हटलं, "मामंजी, इंजिन नीट बांधलेलं नाही. परत उघडायला सांगा." ते म्हणाले, "तबक दिल्यावर तो आपला मनुष्य झाला, मेधाम्मा. आपल्या मनुष्याच्या कामास नांवं ठेवणं बरं नव्हे." मी कपाळावर हात मारला. तबक आधी आणि तपासणी नंतर, हा उलटा कारभार यांच्याच घरात शोभावा.

मी तरी किती दिवस गप्प बसणार होते कोण जाणे, पण मधेच नुंगंबाक्कमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामंजींना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची, आणि गाडी चालवणं लवकरच सोडायचं. मामंजी डॉक्टरांनाही "परवाइल्ले" म्हणाले. संध्याकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात धरलं. "यांचे मनांत एकच आहे, मा. एकदा मला बसवून स्वतः तंजावरास न्यायचं. ज्या वाटेनं आणलं त्याच वाटेनं. बोलणार नाहीत, पण मला ठाऊक आहे." म्हणजे इकडे डोळे मावळत होते आणि तिकडे गाडी धूर ओकत उभी होती. मला इतका राग आला की रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून गिंडीला निघाले. मामंजी म्हणाले, मीही येतो, पण तू तोंड उघडायचं नाहीस. थोरलीतूनच गेलो. वर्कशॉपमध्ये कॉफी आली. सेल्वमच्या सुनेची, देवळाच्या उत्सवाची, उन्हाळ्याची चौकशी झाली. मी दात आवळून बसले होते. शेवटी सेल्वमनेच विचारलं, "गाडी कशी आहे, सर?" मामंजी म्हणाले, "परवाइल्ले." मी उठणारच होते, इतक्यात ते शांतपणे पुढे म्हणाले, "गाडी मला जास्त दिवस लागणार नाही, सेल्वम. माझे डोळे जात आहेत. जायच्या आधी एकदा बायकोला हिच्यात बसवून तंजावरला जाईन म्हणत होतो."

सेल्वमने पेला खाली ठेवला. तो उठला, गाडी सुरू करून मागे गेला आणि धुराकडे बघत उभा राहिला. मग स्वतः बाह्या सरसावल्या. इंजिन पुन्हा उघडल्यावर कळलं, पिस्टनच्या रिंगा उलट्या बसवल्या होत्या, त्यामुळे ऑइल खाली राहायच्या ऐवजी वर चढून जळत होतं. सेल्वमने हात जोडले. "माझी नजर पडायला हवी होती, सर." मामंजी म्हणाले, "फेरी मारायला हवी होती. घाई माझी."

पण जुन्या गाडीचं सामान मिळायला वेळ लागतो, आणि काचबिंदू कुणासाठी थांबत नाही. थोरली धूर न सोडता दारात आली तोवर मामंजींना कडेची माणसं दिसेनाशी झाली होती. किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. "तू चालव." मी म्हटलं, स्टिअरिंगवरचे गिअर मला जन्मात जमायचे नाहीत. "गिअर मी घालतो की. कान आहेत मजला. तू क्लच दाब."

आणि आम्ही तसेच गेलो. मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर दहीभाताचा डबा. मी क्लच दाबायची, शेजारून मामंजींचा हात यायचा आणि इंजिनाचा सूर ऐकून गिअर टाकायचा. मात्र तिंडिवनमच्या पुढे त्यांनी तोंड सोडलं. "क्लच पुरता दाब. ब्रेकीवर नाचतेस कशास? वळणावर इतकं आवळून धरूं नये. लॉरीस मार्ग दे, ती काय तुझी नणंद आहे?" शिंपी, हॉटेलवाले, सेल्वम, सगळ्यांवरची तुंबलेली तक्रार त्या रस्त्यावर माझ्या डोक्यावर आली. सासूबाई मागे तोंडाला पदर लावून हसत होत्या. "संसार झाला सगळा, आज यांचा आवाज ऐकला," म्हणाल्या. तंजावरात शिरताना मामंजींनी डोळे मिटून घेतले होते आणि हात गिअरवर होता. मला त्या दिवशी ते फार, फार आवडले.

मामंजींच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात नर्सने दुखतंय का विचारलं की ते म्हणायचे, "परवाइल्ले." मी नर्सला बाजूला घेऊन सांगितलं, यांच्यावर विश्वास ठेवू नका, हात बघा. सलाईनचा हात सुजून टम्म झाला होता. मी चिडलेच. "मामंजी, आता तरी तक्रार करा की हो." ते हसले. म्हणाले, "केली की, मेधाम्मा. तंजावरच्या वाटेवर. होती तितकी सगळी तुजवरच खर्च झाली."

आता थोरली मी चालवते. सासूबाईंना देवळात नेते, कधी उगाच गिंडीपर्यंत जाऊन सेल्वमला इंजिनाचा आवाज ऐकवून येते. क्लचही मीच दाबते आणि गिअरही मीच टाकते. सगळे नीट पडतात. शेजारून कुणी नावं ठेवत नाही, आणि मला तेवढं एक चालवून घेता येत नाही.