नारळ फोडण्याआधी

जुनी जीप घेणाऱ्याने काय पाहावे, हे मला आता बऱ्यापैकी कळते. आमच्या घाटनांदूरकडे कुणी डोंगरदऱ्यांत फिरण्यासाठी अशी गाडी घ्यायला निघाला की लोक त्याला माझ्याकडे धाडतात. मी सांगतो, रंगावर जाऊ नका. चासीच्या लोखंडी पट्ट्यांवर खालून बोटे फिरवा. जोड दिलेला असेल तर काळ्या रंगाखाली तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र लागतो. पुढच्या चाकांचा गिअर खरोखर पडतो की नाही, ते डांबरी रस्त्यावर कळत नाही. मऊ मातीत कळते. माणसे मान डोलावतात आणि मला जाणकार समजून परत जातात. हे ज्ञान मला कुणाकडून मिळाले, ते मी त्यांना सांगत नाही. ते सांगायला लागलो तर पुढचेही सांगावे लागेल.

तो धारूरचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो. पुढे मी गावातल्या दूध संस्थेचा सचिव झालो आणि तो आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात जीपचा चालक. शेतकी विभागाच्या माणसांना उसाच्या फडांवर नेणे-आणणे हे त्याचे काम. बांध, ओढे, काळी चिखलवट यांतून तो जीप अशी काढी की आत बसलेल्याच्या मांडीवरचा कागदही सरकू नये. त्याच्या गाडीच्या खणात एका कॅलेंडरचे पान घडी करून ठेवलेले असे. त्यावर बर्फ कापून काढलेला एक उंच घाटरस्ता होता आणि त्या रस्त्यावर मुंगीएवढी एक जीप.

"तिथं बे, जूनमधी रस्त्याच्या दोन्ही अंगाला बर्फाच्या भिती ऱ्हातेत. माणसापरीस उंच," तो म्हणायचा. "आन् आपण हितं टँकरमागं पळतोय."

तिकडे स्वतःच्या जीपने जायचे, दोघांनीच जायचे, हे आमचे वीस वर्षांचे बोलणे होते. बोलण्यापलीकडे ते कधी गेले नव्हते. मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. ऊसतोडीला जाणारी घरे एरवीपेक्षा महिनाभर आधीच कुलपे लावून परमुलखात गेली. माझ्या संस्थेत दुधाचे कॅन धुऊन पालथे घातलेले होते आणि आमच्या सभासदांची जनावरे चारा छावणीत, दावणीला उभी. आयुष्यात पहिल्यांदाच आम्हा दोघांनाही कामाने धरून ठेवले नव्हते. भोवती एवढी टंचाई असताना सहलीचा विचार करणे शोभणारे नव्हते, हे मला तेव्हाही जाणवत होते. पण तो म्हणाला, "आता न्हाई गेलो तर म्हातारपणी टीव्हीवर बघू," आणि ते मला पटले.

त्याच सुमारास कारखान्याने जुन्या गाड्या विकायला काढल्या. पहिला हक्क सभासदांचा होता. वडिलांच्या मागे मी सभासद झालो होतो. तो नोकर, सभासद नव्हे. तेव्हा आमच्यात ठरले ते त्याच्याच शब्दांत सांगतो: "नाव तुझं, नजर माझी."

कारखान्याच्या आवारात दोन जीपगाड्या उभ्या होत्या. एक पांढरी, अधिकाऱ्यांच्या दिमतीची. दुसरी हिरवी, उपसा सिंचनाच्या कामावरची, दारांना तारेने बांधलेली. त्याने खाली पोते अंथरले आणि तो पाठीवर झोपून हिरवीखाली सरकला.

"वरून बघतो तो वऱ्हाडी," खालून त्याचा आवाज आला, "आन् खालून बघतो तो गिऱ्हाईक. तू आपला वऱ्हाडीच हायस बे."

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. "पत्रा सडलाय. पण हाडं शाबूत हायत. हीच घ्यायची."

"आणि पांढरी?"

तो तिच्याखाली गेलाच नाही. "पांढरी नको."

"कावून?"

त्याने आजूबाजूला पाहिले. आवारात माणसे होती. "नको म्हणलं ना. घरी सांगतो निवांत."

ते निवांत सांगणे झाले नाही. त्याच दुपारी त्याला छावणीच्या पाण्याच्या खेपेवर पाठवले गेले. जाताना तो मला सांगून गेला की दोन दिवसांनी, चारच्या सुमारास तो आवारात परत येईल आणि मगच अर्ज द्यायचा.

त्या दोन दिवसांत मला माझ्या एका लांबच्या मामांनी बोलावून घेतले. ते कारखान्याचे संचालक होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. हिरवीचे नाव काढताच ते हसले.

"भाच्या, तुझी पायरी काय आन् ती खटारी काय! पांढरी घे. मी सांगतो तिथं."

"मित्र नको म्हणतोय."

"ड्रायव्हर व्हय? अरं, चांगल्या वस्तूला माणूस नावं कवा ठेवतो? दुसऱ्यानं घेऊ नये असं वाटतं तवा. साधा हायस तू."

या वाक्याने माझा विश्वास उडाला असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. माझा विश्वास उडाला नव्हता. मला पांढरी हवी होती, आणि ती घेण्यासाठी एक कारण हवे होते; ते मामांनी चहाबरोबर दिले. त्या गाडीत बसून मी गावात शिरतो आहे, हे चित्र मी आवारात पाहिल्या क्षणीच मनात रंगवले होते. बर्फाचा घाट त्या चित्रात कुठे नव्हता.

तिसऱ्या दिवशी अर्ज दिला. मामांच्या शब्दाने किल्ली लगेच हातात आली. फाटकासमोरच्या दुकानातून मी नारळ आणला, हळदीकुंकवाची पुडी आणली. आमच्याकडे गाडीपुढे नारळ फुटला की ती लक्ष्मी होते. मग तिच्या तोंडावर तिचे वैगुण्य कुणी काढत नाही. चाक लडबडत असले तरी पाहणारा "लई गुणाची हाय" म्हणतो आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकतो. ही रीत लहान पोरालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होती. तो चारला येणार होता. मी नारळ तीन वाजता फोडला.

तो आला. टायरजवळची करवंटी त्याने पाहिली, बॉनेटवरची हळदीची बोटे पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मामा बाजूलाच उभे होते. मी खोबरे पुढे केले. त्याने तुकडा घेतला आणि तो चावत म्हणाला, "लई देखणी हाय."

मग तो पोते न अंथरताच पांढरीखाली सरकला. उठला तेव्हा त्याच्या मनगटावरचा काळा दोरा दिसला नाही. कित्येक वर्षे मी तो त्याच्या हातात पाहत आलो होतो. कुठेतरी अडकून तुटला असेल, असे मला वाटले.

"डोंगरात न्यायच्या आधी पालीला नेऊ," तो कपडे झटकत म्हणाला. "धरणात फिरवून बघू एकदा."

पालीजवळचे बिंदुसरा नदीचे धरण त्या साली आटून गेले होते. पाण्याखालची जमीन भेगाळून तिच्या ढलप्या झाल्या होत्या. मधोमध मासेमारांची एक होडी पालथी पडली होती. एकेकाळी जिथे काठावर बसून आम्ही पाय भिजवले, तिथे मी तळावरून जीप पळवत होतो. तो शेजारी बसला होता, हातांनी वरची दांडी घट्ट धरून. मी आनंदाने ओरडत होतो. पुढच्या चाकांचा गिअर टाकून मी काठाची चढण धरली, आणि अर्ध्यावर मागून आवाज आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. गाडीची पाठ खाली बसली आणि तोंड वर राहिले.

मी खाली शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एका गाडीखाली पाठीवर झोपलो होतो. चासीची पट्टी जुन्या जोडावरच फाटली होती. आणि नेमक्या त्या जोडापाशी, लोखंडाला त्याचा काळा दोरा बांधलेला होता. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात, तसा.

"तुला माहीत होतं," मी बाहेर येऊन म्हणालो.

"होतं."

"आणि गप्प बसलास? मला मरायला सोडलंस?"

"मरायला न्हाई. म्हणून तर हितं सपाटीला आणलं."

त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. मी नको ते बोललो. ती जीप त्याला स्वतःला हवी होती, म्हणून तो आधी नको म्हणाला आणि मग गंमत पाहत बसला, असे बोललो. शेवटी म्हणालो, "शेवटी ड्रायव्हर तो ड्रायव्हरच."

त्याने होडीकडे तोंड फिरवले.

"तुझ्या मामाची मोसंबी जगवताना मोडली ती," तो हळू आवाजात म्हणाला. "टँकर छावणीच्या नावानं भरायचा, तिच्या मागं जोडायचा आन् बागंत रिकामा करायचा. दोन उन्हाळे. मीच चालवायचो. जोड बी मीच मारून आणला. आता तुला सांगायला तोंड कुठलं? आन् जे व्हतं तेबी तू नारळ फोडून बंद केलं."

मग तो धरणाच्या तळावरून रस्त्याच्या दिशेने चालू लागला.

पांढरी जीप ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. पुढे दोन वर्षे तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. घरच्यांना, गावकऱ्यांना मी एकच सांगत राहिलो: मित्राने दगा दिला. मामांविषयी मात्र बोललो नाही. त्या छावणीत आमच्याच दूध संस्थेच्या सभासदांची जनावरे होती. टँकर उशिरा येतो, कमी येतो, अशा तक्रारी मी सचिव म्हणून स्वतः लिहून घेतल्या होत्या. पाणी कुठे मुरले ते कळल्यावरही मी त्या कुठे पाठवल्या नाहीत. कारखाना आपल्या सगळ्यांचा, असे वडील मरेपर्यंत म्हणत होते. त्या सगळ्यांशी कुणी दगा केला असेल तर त्या यादीत माझेही नाव येते. हे समजायला मला फार काळ लागला, कारण दुसऱ्याने केलेल्या दग्याची जखम कुरवाळत बसले की स्वतःचा हात पाहावा लागत नाही.

एका जून महिन्यात घाटनांदूरच्या बाजारात त्याची बायको भेटली. तिने पदर सावरला आणि थांबली.

"भावजी, तुमी गेला न्हाईत व्हय संगं?"

"कुठं, वहिनी?"

"बर्फात की! ती हिरवी भंगारवाल्यानं उचललीती, त्याच्याकडून आणली त्यांनी. दोन वर्सं खटपट केली. आमाला वाटलं, दोघं मिळून जाणार. तर माझ्या भावाला घेऊन गेलते. परवाच आले." ती हसली. "भाऊ रस्ताभर ओकत व्हता म्हणं."

मीही हसलो. पांढरी मोडली तेव्हा मला जे वाटले होते, ते या बातमीपुढे काहीच नव्हते. मी त्याच्याशी कसा वागलो हे मला ठाऊक होते. तरीही माझ्या वाटणीचे आसन त्याने दुसऱ्याला दिले, ते मला सहन होईना. माझी चूक आणि माझे दुःख यांचा हिशेब एकमेकांत वळता होत नाही, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ घेऊन मी धारूरला गेलो. किल्ल्याच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड होती आणि दारात हिरवी उभी होती. चाकांच्या वरच्या पत्र्यावर करडा, आपल्याकडे नसतो तसला चिखल वाळला होता.

"या, सचिव सायेब," तो म्हणाला. हात पुसत राहिला, पुढे आला नाही.

वाटेत जुळवलेली वाक्ये मला आठवेनात. मी म्हणालो, "त्या दिवशी नारळ मी मुद्दाम आधी फोडला. तू येऊन नको म्हणशील, म्हणून."

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "तवाच कळलं व्हतं."

मी पिशवीतून नारळ काढला. लांबचा प्रवास करून गाडी सुखरूप आली की नारळ फोडतात. मी दगड शोधू लागलो तसा त्याने माझ्या हातातून नारळ काढून घेतला आणि बॉनेटवर ठेवला.

"आत्ताच नको. फुटला की तुझं तोंड बंद." त्याने पायाने पोते माझ्याकडे सरकवले. "आधी खाली शिर. खोट काढ."

पन्नाशीला टेकलेला माणूस पोत्यावर आडवा होऊन जीपखाली सरकतो तेव्हा शोभून दिसत नाही. मी सरकलो. पट्ट्यांवरून बोटे फिरवत गेलो. जोड कुठे नव्हता. हाडे खरोखरच शाबूत होती. मागच्या बाजूला मात्र बोट ओले झाले.

"काय दिसतंय?" वरून आवाज आला.

एवढ्या उंचीवर जाऊन आलेल्या गाडीला नाव ठेवायला जीभ वळेना. तरी म्हणालो, "मागच्या क्रॉसपाशी, फिरता दांडा चाकांना जुळतो तिथं, तेल गळतंय."

"आन्?"

त्या करड्या चिखलाचा एक खपला माझ्या तोंडावर पडला. तो मी काढला नाही.

"आणि मला सोडून गेलास," मी म्हणालो.

खालून मला त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. धरणात तो चालू लागला होता; या वेळी त्या जागच्या हलल्या नाहीत.