उलट्या पिसाच्या कोंबड्या आन आमचे शांतवन मास्तर

शांतवन मास्तरांच्या साठीचा अंक निघतोय, तवा त्यांची न माझी वळख कशी झाली ते सांगते. दुष्काळाच्या आदल्या साली मास्तर आमच्या गावच्या शाळंत आले. एक दिस अंडी घ्यायला म्हनून माझ्या दारात हुबं ऱ्हायले, आन अंडी सोडून माझ्या कोंबडीकडंच बघत बसले. जामखेडच्या बाजारातनं आनलेली ती. समदी पिसं उलटी, मानंकडं वळल्याली. झाडाचं पान हालत नसलं, तरी तिच्या एकटीच्या अंगावर कुठलं तरी वारं चालू हाय असं वाटायचं.

मी म्हनलं, "काय मास्तर, पसंत पडली का? स्थळ चांगलं हाय."

मास्तर हसले न्हाईत. म्हनले, "सोनाबाई, हिच्या पिल्लांचा बाप कोण?"

"शेजारचा काळा कोंबडा. साधाच, सरळ पिसाचा."

"मग निम्मी पिल्लं हिच्यासारखी आणि निम्मी त्याच्यासारखी असतील."

माझ्या अंगावर काटा आला. पिल्लं परसात डालग्याखाली हुती, मास्तरांनी बघितलीबी नव्हती. आन हुती तशीच, निम्मी निम्मी.

असल्या कोंबडीला गाव भितं. देवऋषी करनीला तीच मागतो. मालक गेल्यापासून मी एकलीच, त्यात ही कोंबडी. तिन्हीसांजंला माझ्या दारावरनं कुनी जाईना. अशात थोरल्या जाऊबाई, गयाबाई, यांच्या नातवाला ताप भरला. आमची भिंतीला भिंत. देवऋषी म्हनला, कुंकू पुसल्याल्या बाईची नजर पडती म्हनून पिसं उलटत्यात, आता लेकराचं काळीज उलटंल. बाईला गावाबाहीर काढा. पंच चावडीवर बसले. माहेरी माझं कोन न्हाई. घर सुटलं तर मी जायची कुठं?

मास्तरांनी आदुगर लेकराला यष्टीनं जामखेडच्या दवाखान्यात पोचवलं. लेकरू बरं झालं, पर गावाचं भ्या काय गेलं न्हाई. मग मास्तर चावडीवर आले.

"ह्याच कोंबडीची उलट्या पिसांची दोन पिल्लं आता मोठी झालीत, एक कोंबडा, एक कोंबडी. ती दोघं मी शाळेत कोंडून ठेवतो. त्यांची अंडी गयाबाईंच्या घरात, त्यांच्याच खुडूक कोंबडीखाली घाला. सोनाबाईंनी तिकडं बघायचंसुद्धा नाही. तरी चार पिल्लांमागे साधारण दोन आईबापांसारखी होतील, एक अगदी सरळ पिसांचं, आणि एकाची पिसं इतकी वळतील की गळून कातडं दिसेल. असं झालं नाही, तर सोनाबाईंचं गाठोडं मी स्वतः उचलून स्टँडवर नेईन."

मी मागनं वरडले, "आवं मास्तर, गाठुडं माझं हाय आन पैज तुमी लावताय व्हय?"

"पैज नाही, बाई. रक्तात आहे ते बोललो."

अंडी फुटली. समदी पिल्लं सारखीच गुळगुळीत. भिंतीपलीकडनं गयाबाई वरडल्या, "सोने, एकबी उलटं न्हाई! बांध गाठुडं!" मी खरंच बांधाया घेतलं. मास्तर आले, उंबऱ्याबाहीर बसले, म्हनले, "लव सगळ्यांची सारखीच असते. पिसं फुटू द्या."

मग काही दिसांनी गयाबाईंचं वरडनं बंद पडलं. एका दुपारी त्या माझ्या दारात आल्या, तोंड पांढरंफटक. "सोने, चल गं. मला एकटीला बघवंना."

गेले. पंखापासनं सुरू झालं हुतं. न दिसनाऱ्या बोटानं मुळातनं फिरवावं तसं निम्म्या पिल्लांचं एकेक पीस बाहीर वळलं हुतं. एक पिल्लू लालभडक, जवळजवळ उघडं, कोंबडीच्या पोटाखाली शिरत हुतं. आन त्याचीच भावंडं, दोन-तीन, सरळसोट. माझी नजर आज पहिल्यांदा पडत हुती.

देवऋषी लगीच म्हनला, आता गयाबाईंनाबी ते लागलं, त्यांचीबी नजर वाईट. लोकं त्यांच्या दारावरनं जाईनात. मला आतनं गुदगुल्या झाल्या. म्हनलं, "घ्या जाऊबाई, चला दोघी, दोन गाठुडी." मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं की माझं हसू गेलं. "सोनाबाई, आज त्यांना एकटं पाडलंत, तर उद्या परत तुमची पाळी."

चावडीवर त्यांनी कबूल केलं, हिशेब जरा हुकला, उघडी पिल्लं म्हनलो त्याहून कमी निघाली; नाणं धा येळा उडवलं तरी छाप पाचच येळा पडंल असं न्हाई, तसंच हे. "पण एक हुकणार नाही. यातली सरळ पिसांची पिल्लं आपसातच वाढवा. त्यांच्या पोटी उलटं पीस कधी येणार नाही." गयाबाईंनी तीच वाढवली. उलटं पीस आलं न्हाई. पंचांनी मला बाहीर काढायचं सोडून दिलं. मी माझ्या घरात ऱ्हायले.

आता गाव मास्तरांनाच भितं. गरवार बाया त्यांना लांबनं बघून पोटावर पदर वढत्यात. एक म्हातारी तर इचारायला गेली, "मास्तर, सुनंच्या पोटात काय हाय?"

"आजी, ते मला कळत नाही. कळलं असतं तरी सांगितलं नसतं. येईल त्याला जीव लावा."

मीबी भिते, खोटं कशाला बोलू? न जल्मल्याल्या जिवाचं अंग ज्यांना दिसतं, त्यांच्याम्होरं चहाची बशी ठिवून मी लगीच मागं सरते. पर चूल माझी हाय, घर माझं हाय, ते यांच्यामुळंच.

मास्तर, लई वरसं जगा. गुडघं धड ऱ्हावोत, डोळं शाबूत ऱ्हावोत. आन आमच्यातलं कोन कवा जानार हे तुमच्या हिशेबात बसत असलं, तर तेवढं पोटात ठेवा. तुमचं तर अजाबातच सांगू नका.