तीन शिफ्टमध्ये वाजलेलं गाणं

आमच्या घरात कॉलेजची डिग्री आणणारी मी पहिली. हे थोडं नम्रपणे सांगता आलं असतं, पण नम्रपणा कॉलेजात शिकवत नव्हते. डिग्रीचा आजवरचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे, स्वतःचं गाणं ऑनलाइन टाकण्याचा लांबलचक इंग्रजी फॉर्म मी कोणाला न विचारता भरला. बाकीचे फायदे वाटेत असतील.

शब्द माझे, चाल माझी आणि भाषा आमच्या भिलाईतल्या रुआबांध्याच्या घरात बोलतात तीच. जुनवानीला एका मैत्रिणीच्या खोलीत, खिडकीला गोधडी बांधून, ऐन मे महिन्यात पंखा बंद करून आम्ही ते रेकॉर्ड केलं. मला एकच पाहायचं होतं. ज्याच्याशी आमचं नातं नाही, शेजार नाही, असा एक तरी माणूस हे गाणं ऐकतो का. नातेवाइकांच्या 'छान'वर माझा भरोसा नाही. ते लग्नातल्या गार पुरीलाही छान म्हणतात.

गाणं लोकांपर्यंत कसं न्यावं याचे गुरू इंटरनेटवर गल्लोगल्ली बसलेत. त्यांची स्वतःची गाणी मात्र शोधूनही सापडत नाहीत. त्यांनी सांगितलं, गाणं बाहेर येण्याची तारीख महिनाभर पुढची ठेव आणि त्याआधीच गाण्यांच्या ॲपच्या संपादकांना गाणं सुचव, म्हणजे ते आपल्या यादीत घेतील. सुचवलं. तिथे गाण्याचा मूड विचारला होता. उदास, उत्साही, निवांत, यातलं एक निवडा. आमच्या घरी माणूस रडता रडता टोमणा मारतो. तो पर्याय काही दिला नव्हता.

मग गाणी शेअर करणाऱ्या पेजेसना पाठवलं. महाराष्ट्रातल्या पेजवाल्यानं विचारलं, "ताई, ही नक्की कुठली मराठी?" इकडच्यानं लिहिलं, "दीदी, छत्तीसगढ़ी में कुछ हो तो भेजिए।" संपादकांनी मात्र कसलाच भेदभाव केला नाही. त्यांनी कोणत्याच भाषेत उत्तर दिलं नाही.

गाणं आलं त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, "किती लोकायनं आयकलं?"

"नऊ."

"नऊ हजार?"

"नऊ, बाबा." त्यात चार वेळा मीच होते, हे मी सांगितलं नाही.

बाबांची आजवरची सगळी नोकरी स्टील प्लांटमधली. टार्गेट कमी पडलं की माणसं वाढवायची, एवढा साधा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का. त्यांनी वरण संपवलं आणि विचारलं, "एकदा आयकलं, हे ते कसं मोजते?"

मी शिकलेल्या माणसाच्या थाटात समजावलं, "तीस सेकंद वाजलं की एक."

त्यांनी मान डोलावली. माझा बाप आता हे शास्त्र शिकतोय, याचा मला अभिमानच वाटला.

तिसऱ्या दिवशी आकडा उसळला. पाचव्या दिवशी तर मी स्क्रीनशॉट काढून 'अनोळखी श्रोत्यांचे' मनापासून आभार मानले. सगळे अनोळखी श्रोते एकट्या भिलाईतले दिसत होते. म्हटलं, आधी आपलं शहर ओळखतं, मग जग. असं काहीतरी गुरूही म्हणाले होते.

आठव्या दिवशी मेल आला. गाण्यावर कृत्रिम श्रवण आढळलं आहे, सबब ते सगळ्या ॲपवरून काढलं आहे. पुन्हा असं झाल्यास खातं कायमचं बंद.

मी तणतणत बाहेरच्या खोलीत आले. दिवाणावर पाच फोन चार्जिंगला लावलेले होते. पाचही मुके. पाचांवरही माझ्या गाण्याचं चित्र. समोर शेजारचे काका बसून, तीस सेकंद झाले की एकेका फोनवर गाणं बोटानं पुन्हा सुरुवातीला ओढत होते.

"हे काय करून राहिले काका?"

"आता माही पाळी हाय बाई. फोन रोज एका घरी, आज तुमच्याकडं. दोन वाजता तुहे बाबा सुटतात, मंग ते घेतीन. रात्रपाळीले चौकातले दोघं हायेत. तू टेन्शन नको घेऊ."

बारा घरं लागली होती. ज्याची ड्युटी नाही, त्यानं फोन सांभाळायचे. शिफ्ट बदलली की चार्ज द्यायचा.

बाबा आल्या आल्या मी सांगितलं, "गाणं काढून टाकलं त्यायनं. त्यायले वाटलं आपण मशीन लावली."

"मशीन?" बाबा खवळले. "बारा घरचे मानसं लागले अन् मशीन म्हनतात?"

"आवाज कावून बंद ठेवला?"

"पाच फोन एकसाथ वाजले तं डोस्कं उठते ना."

"मंग आयकलं कोनं?"

"मी आयकलं ना, पह्यल्या दिवशी," काका म्हणाले. "तीस सेकंद पूर्न. बाजा मस्त हाय. पन बाई, तू त्यात गात कावून नाही?"

माझा आवाज चाळीस सेकंद गिटार वाजल्यावर येतो. वातावरणनिर्मिती म्हणून.

"तुमच्यामुळं गेलं बाबा माझं गाणं," मी स्पष्ट सांगितलं. घरात असं बोलायची पद्धत नाही, पण मी बोलले. बाबांनी एक एक चार्जर काढला, वायरी गुंडाळल्या, काकांचा फोन काकांना दिला.

मग म्हणाले, "तुह्याजवळ असीन ना ते? लाव."

लावलं. गिटार चालू असताना त्यांनी दोनदा पंख्याकडे पाहिलं. आवाज आला तसे खुर्चीवर पुढे सरकून बसले. संपेपर्यंत हलले नाहीत.

"बरं हाय," ते म्हणाले. "पन तू लई उशिरा येतं. तोवर कोन थांबनार?"

मी वातावरणनिर्मितीवर बोलू लागले. आतून आई म्हणाली, "मी तं कवाच दुसरं गानं लावलं असतं."

गिटार कापून सहा सेकंदांची केली आणि नवी तारीख घेऊन गाणं पुन्हा टाकलं. संपादकांनी पुन्हा तोच समभाव दाखवला. बाबांनी आपल्या ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला, "आता कोनी ड्युटी लावाची नाही. आयकावंसं वाटलं तं आयका."

बहुतेकांना वाटलं नाही. पंधरवड्यात सतरा. पण शहरांच्या यादीत भिलाईखाली एक नाव नवीन होतं.

"आई, राउरकेल्याले आपलं कोनी हाय का?"

आईनं भाजी चिरणं थांबवलं. तिनं माहेर तपासलं, सासर तपासलं, आत्याच्या नणदेपर्यंत जाऊन आली. "नाही बाई," ती जरा ओशाळून म्हणाली. "तिथं कोनीच नाही आपलं."

बाबांनी पेपर खाली केला.

"मंग त्यानं कावून आयकलं?"