दोनदा धरलेला तास

चूक वेंडेलचीच. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तो तास भरतीच्या नव्या तक्त्यात आधीच धरलेला होता. यानं सवयीनं तो वेळेत पुन्हा मिळवला. फंडीच्या आखातातल्या त्या निर्जन किनाऱ्यावर मुक्कामाला आलेल्या हिल्डाबाईंना उतरवून तो निवांत चहा पीत बसला, तोवर पाण्यानं काढता पाय घेतला. होडी चिखलात रुतली.

"चौथीतही हातचा दोनदा धरायचास," एकेकाळी त्याला शाळेत शिकवणाऱ्या हिल्डाबाई म्हणाल्या.

"बाई, दोन रात्री मासेमारीत डोळ्याला डोळा नाही. पहाटे भरती आली नि मी घोरत असलो, तर होडी जाईल वाहून."

"झोप मेल्या. मी जागते."

उजाडल्यावर त्यांनी हलवलं, तेव्हा होडी तरंगत होती आणि दोर बाईंच्या मुठीत होता. पुन्हा पाणी ओसरायच्या आत तो घाईनं निघाला; आभार मानायचे राहिले ते अजून राहिलेच आहेत.