कूलर, वायसर आणि आमचा प्लाझ्मा

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर कोराडीला घरी गेले होते, आणि घरच्या कूलरने माझी पार इज्जत काढली...

आधी माझं रडगाणं ऐका. मी टोकामॅकवर पीएचडी करते. मेदूवड्याच्या आकाराचं यंत्र, आत प्रचंड तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा. तो चुंबकांच्या जोरावर, भिंतीला न लागू देता फिरवत ठेवायचा. आमची कुठली तरी चुंबकाची कॉइल केसभर सरकलेली... तेवढ्यानेही प्लाझ्मा फिरता फिरता अडकायचा आणि विझायचा.

ही चूक भरून काढायला जादा कॉइल्स होत्या, पण जोर कुठल्या दिशेने लावायचा तेच कळेना. महिनाभर नुसतं अंदाजपंचे चाललं होतं. सुट्टीनंतर मशीन बंद व्हायला एकच आठवडा उरणार, आणि नाही जमलं तर माझं आणखी एक वर्ष पाण्यात.

तर त्या दुपारी कूलर थडथडत होता. बाबा जन्मभर इथल्या कोळशाच्या पॉवर स्टेशनात टर्बाइनचे फिटर, आता रिटायर्ड. त्यांनी पंख्याच्या एका पात्याला नट-बोल्टखाली बसतो तो लोखंडी वायसर चिकटवला... थडथड वाढली! मग दुसऱ्या पात्याला, मग तिसऱ्या, आणि दर वेळी कागदावर टिपण. मी आधीच वैतागलेली, म्हटलं आहे तेही बिघडवताय कशाला?

ते शांतपणे म्हणाले, "मुद्दाम बिघडवून पाहा लागते वं. कोन्या बाजूनं किती बिघडते, त्याच्यावरून मूळ खोट कुठं आहे ते समजते."

टिपणं बघून त्यांनी वायसर नेमक्या जागी बसवला, आणि अर्ध्या तासात कूलर गप्प. हीच पद्धत मी पुस्तकात तीनदा वाचली होती हो! पण आम्हाला एकेक शॉट, म्हणजे प्लाझ्मा पेटवायची एकेक संधी, मोजून मिळतो, तो मुद्दाम वाया घालवायची छातीच होत नव्हती.

परत गेले आणि जादा कॉइल्सचा जोर चार दिशांनी मुद्दाम वाढवत चारदा प्लाझ्मा विझवला. कुठल्या बाजूला लवकर विझतो, कुठे दम धरतो, ते कागदावर मांडलं... चार खुणांचा मध्य शून्यावर न येता चांगलाच एका बाजूला निघाला. पाचव्या शॉटला जोर तिथे ठेवला, आणि प्लाझ्मा शेवटपर्यंत फिरत राहिला.

बाबांना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांना टोकामॅक कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "थडथड थांबली ना?"

थांबली, बाबा. तुम्ही राखेने माखलेले घरी यायचात, तेव्हा दिवसभर काय केलंत हे मी कधी विचारलंच नाही. आता रोज फोन करून विचारते... थँक्यू, बाबा.